झिजलेल्या पैशांचा संच कसा पुरा करावा

कोकणातल्या जुन्या घरांत तांब्याचे पैसे सापडतातच. कलशात सुपारीबरोबर टाकलेले, देव्हाऱ्यातल्या ताम्हनात पडून राहिलेले, नाहीतर माळ्यावरच्या डब्यात. बहुतेक इतके झिजलेले की घरची माणसं 'न्या हो, आम्हांला काय करायचेत' म्हणून मोकळी होतात. 'जुनं नाणं विका, लाखो कमवा' हे मोबाइलवरचे व्हिडिओ विसरा. ही नाणी चिल्लर भावाचीच. पण संच जमवायला शिकायचं तर अशीच घ्यावीत. पैसे कमी लागतात आणि नजर तयार होते.

आधी संच लहान ठरवा. 'ब्रिटिशांच्या काळातली सगळी नाणी' असा संकल्प सोडला की तो कधीच पुरा होत नाही. सातव्या एडवर्डचा पाव आणा घ्या, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. असे 64 पैसे म्हणजे एक रुपया. वर्षं 1903 ते 1910, आठच. 1906 मध्ये मात्र धातू बदलला, तांबं जाऊन ब्राँझ आलं. त्या वर्षाची दोन्ही धातूंची नाणी निघाली, म्हणून पूर्ण संच नऊ नाण्यांचा.

ढिगातून एडवर्ड निवडणं सोपं. व्हिक्टोरिया आणि दोन्ही जॉर्ज यांच्या डोक्यावर मुकुट असतो. हा एकटा बोडका, दाढीवाला. अक्षरं पार गेली तरी डोक्याची कड बहुधा शाबूत राहते.

खरी कसोटी सालाची. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च नाण्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. वरून पाडलेल्या उजेडात सपाट दिसणारे आकडे आडव्या उजेडात सावली टाकतात. नाणं हळूहळू फिरवत राहा. तरीही शेवटचा आकडा 3 की 8 ते कळेना, असं हमखास होतं. तेव्हा वजन करा. तांब्याचा पाव आणा मुळात 6.47 ग्रॅमचा, ब्राँझचा 4.86 ग्रॅमचा. झिजेत थोडं वजन जातं, पण एवढा फरक भरून निघत नाही. काटा सहाच्या आसपास थांबला तर 1903, साडेचारच्या आसपास असेल तर 1908. घरी बारीक काटा नसेल तर ओळखीचा सोनार करून देतो. जड नाण्यावर 5 की 6 असा घोळ असेल तर मात्र वजन उपयोगी पडत नाही, कारण 1906 ची जडही आहेत. असं नाणं बाजूला ठेवा, अंदाजाने खपवू नका.

नाणं हातात आल्यावर चिंच, कोकम, राख यांपैकी काही लावू नका. आपल्याकडे तांब्याची भांडी लख्ख करायची सवय असते, आणि तीच इथे नडते: उरलासुरला तपशीलही निघून जातो. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपा. पोपटी भुकटी धरलेलं नाणं वेगळं ठेवा. खाऱ्या हवेतल्या क्षाराने तांबं आतून खाल्लं जात असल्याची ती खूण आहे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकचे अल्बम टाळा. स्टेपल मारायच्या पुठ्ठ्याच्या चौकटी मिळतात, पण आपल्या दमट हवेत पिना गंजतात, तेव्हा चिकटवायच्या चौकटी घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मृगाआधी बदला.

विहीर किंवा चिऱ्याची खाण खणताना नाणी निघाली तर ती संचात घालू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सहा-सात वर्षं भराभर जमतात, मग गाडी अडते. तोवर तुमच्याकडे त्याच त्या सालांची जादा नाणी साठलेली असतात. ती मोडवाल्याकडे किंवा आठवडा बाजारातल्या विक्रेत्याकडे न्या आणि अदलाबदल सुचवा. त्याला साल बघायचा वेळ नसतो, म्हणून टॉर्च आणि काटा बरोबर असू द्या.