पाय ऐकू आले पाहिजेत : शाळेतल्या फोल्क्लोरिकोच्या तयारीची यादी

यंदा पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) समितीत आपल्यापैकी तिघी नव्या आल्या आहेत आणि शाळेतला फोल्क्लोरिकोचा, म्हणजे मेक्सिकन लोकनृत्याचा कार्यक्रम अलगद त्यांच्या गळ्यात पडला आहे. "ताई, तुमची यादी पाठवा ना," असा निरोप आला. यादी म्हणजे वहीच्या मागच्या पानावरची खरडाखरड, ती माझी मलाच लागेना. म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. टेक्ससात दुसरीकडे असाल तरी फारसं काही बदलणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. फोल्क्लोरिको म्हटलं की आपल्याला गरगर फिरणारे रंगीत घागरे आठवतात आणि मग सगळी तयारी आपण डोळ्यांसाठी करतो. पण हे नाच निम्मे कानांनी बघायचे असतात. सापातेआदो, म्हणजे पायांचा ठेका, हे त्यातलं वाद्यच आहे. ते ऐकू आलं नाही तर पोरांच्या वाट्याला नुसता फॅन्सी ड्रेस येतो. आमचं पहिल्या वर्षी तेच झालं. जिमच्या चकचकीत मेपलच्या जमिनीवर ओरखडे नकोत म्हणून शाळेने मॅट अंथरायला लावल्या आणि आम्हीही माना डोलावल्या. नर्तक जीव तोडून पाय आपटत होते आणि आवाज येत होता गादीवर उशी आपटल्यासारखा. माझा मुलगा तेव्हा दुसरीत होता. घरी येऊन म्हणाला, "आई, ते एवढ्या उड्या का मारत होते?"

म्हणून यादीत पहिला नंबर जमिनीचा, तारीखसुद्धा नंतर. या नर्तकांच्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे ठोकलेले असतात, अगदी दाटीवाटीने. बूट उलटा केला की टाचेला नाणं चिकटवल्यासारखी खिळ्यांच्या डोक्यांची चकती दिसते. असे बूट जिमच्या जमिनीवर नकोत हे शाळेचं म्हणणं रास्तच आहे, फक्त त्यावरचा उपाय मॅट नाही, प्लायवूड. चार बाय आठ फुटांच्या, पाऊण इंच जाडीच्या ८ शीट जोडल्या की १६ बाय १६ फुटांचा चौक तयार होतो आणि चार जोड्यांना तो पुरतो. खाली पातळ जुन्या चादरी टाका, सांध्यांवर आणि कडांवर गॅफर टेप लावा. डक्ट टेप नको, तिचा चिकटा मागे राहतो आणि तो खरवडायला आपल्यालाच बसावं लागतं. कोणीतरी हमखास सुचवेल की कॅफेटेरियात करू, तिथे जागाच जागा आहे. तिथे खाली काँक्रीट आणि वर गुळगुळीत टाइल असते. खिळे घसरतात आणि नाचणाऱ्यांच्या गुडघ्यांची वाट लागते. मेक्सिकोतल्या वेराक्रूस प्रांताच्या नाचासाठी तारिमा नावाचा लाकडी चौथरा असतो आणि त्यावरचे पाय हे तिथले लोक हार्प आणि हाराना या छोट्या गिटारसारख्या वाद्याच्या बरोबरीचं वाद्य मानतात. पथकाकडे स्वतःची तारिमा आहे का, हे पहिल्याच फोनमध्ये विचारून घ्या. आणि प्रिन्सिपलच्या आधी कस्टोडियनना, म्हणजे शाळेची साफसफाई-देखभाल बघणाऱ्यांना भेटा. जमीन कागदोपत्री कोणाचीही असो, किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

आता तारीख. हिस्पॅनिक हेरिटेज मंथ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असतो. १९६८ मध्ये तो आठवडा होता, १९८८ मध्ये महिना झाला. या तीस दिवसांत प्रत्येक शाळेला फोल्क्लोरिको हवा असतो, म्हणून पथकाशी मे महिन्यातच बोलून ठेवा. मला विचाराल तर मी फेब्रुवारी घेईन. नाच काही महिना बघून चांगला-वाईट होत नाही आणि नर्तक थकलेले नसतात. ५ मेचा हट्ट कोणी धरला तर धरू द्या, पण पोस्टरवर 'मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन' लिहू देऊ नका. ती १८६२ मधल्या पुएब्लाच्या लढाईची आठवण आहे, जिथे मेक्सिकोच्या सैन्याने फ्रेंचांना हरवलं. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला. कागदपत्रांचं फार सांगत नाही: कराचा डब्ल्यू-९ फॉर्म, शाळा-जिल्ह्याची परचेस ऑर्डर आणि पाहुण्यांची ओळखपत्रं हे तिन्ही महिनाभर आधी लागतं. टेक्सस कमिशन ऑन द आर्ट्सकडे दौरे करणाऱ्या कलाकारांची यादी असते, ती एकदा चाळून बघा.

पथक ठरलं की त्यांच्याशी बसून नाच ठरवायचे. इथे "मेक्सिकन डान्स करा" एवढंच सांगून मोकळं होऊ नका. कोणी आपल्याला "इंडियन डान्स करा" म्हटलं की आपण लावणी करायची की भांगडा, हा प्रश्न पडतोच ना! ३५ मिनिटांत चार प्रांत पुरे. न्यूवो लिऑनची पोल्का घ्या, कारण ती आपल्या टेक्ससच्या कुशीतलीच आहे, ॲकॉर्डियनसकट. मिचोआकानचा 'विएहितोस', म्हणजे म्हाताऱ्यांचा नाच, घ्याच. पुरेपेचा या तिथल्या मूळ रहिवाशांचा हा नाच. गुलाबी गालांचे, हसरे मुखवटे घातलेले म्हातारे काठी टेकत, खोकत, लटपटत येतात आणि अचानक लाकडी तळव्यांच्या चपलांनी असा कडकडाट करतात की किंडरगार्टनवाली पोरं उठून उभी राहतात. इथे हसायचं असतं. हे शिक्षकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या बिचाऱ्या "शूऽऽ" करत बसतात.

तिसरा वेराक्रूसचा 'ला बांबा'. चाल मुलांना ठाऊक असते, कारण रिची वॅलेन्सने १९५८ मध्ये ती रॉक अँड रोलमध्ये नेली. पण मूळ नाचात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली जोडी लांबलचक लाल फीत जमिनीवर टाकते आणि नाचता नाचता, हात न लावता, फक्त पायांनी तिची गाठ बांधते. चवड्याने ओढायचं, टाचेने दाबायचं, दुसऱ्याच्या पायाखालून सरकवायचं, आणि ठेका सोडायचा नाही. शेवटी फीत दोन्ही हातांनी वर धरतात तेव्हा तिचा 'बो' झालेला असतो. हे बघायचं तर मुलांना पाय दिसायला हवेत. स्टेज उंच असेल तर पहिली रांग आठ-दहा फूट मागे घ्या. प्लायवूड जिममध्ये जमिनीवर असेल तर सगळ्यांना मांडी घालून अर्धगोलात बसवा, लहान वर्ग पुढे, मधे वाट मोकळी. व्हीलचेअरची जागा पहिल्या रांगेत, कोपऱ्यात नव्हे. आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांना दाराजवळची जागा आणि कानावरचे मफ द्या.

शेवटी हालिस्को, कारण तिथल्या हाराबे तापातिओ या नाचाशिवाय कोणी जाऊ देत नाही. तापातिओ म्हणजे हालिस्कोची राजधानी ग्वादलाहारा, तिथला माणूस. रशियन बॅले नर्तकी आना पावलोव्हाने १९१९ मध्ये मेक्सिकोत हा नाच बॅलेच्या चवड्यांवर करून दाखवला होता, आणि १९२० च्या दशकात तिथल्या सरकारने तो शाळाशाळांतून शिकवायला लावला. म्हणजे शाळेतल्या मुलांशी याचं नातं शंभर वर्षांचं आहे. हे शिक्षकांना सांगितलं की तेही जरा सावरून बसतात.

एक नाच मात्र मागू नका. सोनोरा प्रांतातल्या याकी या मूळ रहिवाशांचा हरणाचा नाच यूट्यूबवर बघून कोणीतरी म्हणेलच, "किती छान, तो ठेवा!" डोक्यावर हरणाचं मुंडकं, घोट्यांना कोषांची खुळखुळणारी माळ, सगळं खरंच विलक्षण आहे. पण याकींसाठी ती पूजा आहे. आमालिया एर्नांदेसने १९५२ मध्ये सुरू केलेल्या बॅले फोल्क्लोरिको दे मेक्सिकोमुळे त्याचं रंगमंचावरचं रूप जगभर गेलं, आणि एखादं पथक ते करतही असेल. त्यांनी आपणहून सुचवलं आणि आधी दोन वाक्यं सांगितली तर ठीक. आपण फर्माईश करायची नाही.

वर्गातली तयारी आठवडाभर आधी, रोज दहा मिनिटं. नकाशावर चार प्रांत दाखवा आणि नावं नीट म्हणायला शिकवा. रोमन लिपीतला 'जे' दिसला की 'ह' म्हणायचं, म्हणजे हालिस्को, हाराना, हाराबे. ओआक्साका नाही, वाहाका. आपल्याला हे सोपं जातं, देवनागरीत लिहून घ्या की झालं. मग टाळ्या. हालिस्कोच्या संगीतात सहा मात्रा कधी तीन-तीनच्या दोन होतात, कधी दोन-दोनच्या तीन. निम्म्या वर्गाला १ आणि ४ वर टाळी द्यायला सांगा, उरलेल्यांना १, ३, ५ वर. पहिल्या दिवशी गोंधळ उडतो, तिसऱ्या दिवशी जमतं, आणि मग कार्यक्रमात तो बदल पायांत झाला की मुलं एकमेकांकडे बघतात. पायांसाठी एकच धडा: उजवा-डावा-उजवा, डावा-उजवा-डावा, आधी सावकाश, बाकावर हाताने. ग्रितो, म्हणजे ती लांब आरोळी, पाहुण्यांनाच शिकवू द्या. त्यांना ते काम फार आवडतं.

कागदी सोम्ब्रेरो (रुंद काठाच्या मेक्सिकन टोप्या) आणि चिकटवायच्या मिशा आणायच्या नाहीत. यावर दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी मी वाईट होते, चालेल. दिवाळीला कोणी आपल्या पोरांना पगडी आणि साप आणून दिला तर कसं वाटेल, तेवढंच सांगते. तसंच, वर्गात मेक्सिकन घरातलं मूल असेल तर त्याला उभं करून "तू सांग" म्हणायचं नाही. त्याला सांगायचं असेल तर ते सांगेल. आमच्याकडच्या एका चौथीतल्या मुलीने शेवटच्या दिवशी आपल्या आजीची हालिस्कोची रिबिनी लावलेली फाल्दा, म्हणजे नाचाचा घागरा, पिशवीतून आणली आणि पसरून दाखवली. सगळा वर्ग तिच्या कडेने गोल बसला तरी ती पुरती पसरत नव्हती.

याच घेरामुळे कपडे बदलायची खोली मोठी लागते. मुलांचं टॉयलेट देऊ नका, प्लीज. आरसा, कपडे अडकवायचा रॅक, खिडकीला कागद, इस्त्री, पाण्याच्या बाटल्या, आणि केसांच्या पिना (त्या नेहमीच कमी पडतात). वेराक्रूसच्या पांढऱ्यातून हालिस्कोच्या रंगीत पोशाखात जायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो टाळ्यांचा खेळ स्टेजसमोर घ्या.

कार्यक्रमाच्या सकाळी ऑफिसला सांगून त्या वेळेपुरती घंटा आणि घोषणा बंद करवा. ऐन गाठीच्या क्षणी "अमुक मुलीची आई गेटवर आली आहे" ऐकायला नको. रेकॉर्ड केलेलं संगीत असेल तर त्याचा आवाज तुम्हाला वाटतो त्याहून कमी ठेवा आणि एक माइक खाली, प्लायवूडच्या कडेला ठेवा. मग सगळ्यात मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहा आणि एका नर्तकाला चार ठेके द्यायला सांगा. तुम्हाला टाच आणि चवडा वेगवेगळे ऐकू आले तर पोरांना आत सोडा.

नंतर प्रश्नोत्तरांना दहा मिनिटं राखून ठेवा आणि एक जुना बूट मुलांच्या हातात फिरवायला मागून घ्या. प्रत्येक मूल खिळ्यांवरून बोट फिरवतं. पाहुण्यांचा चेक त्याच दिवशी हातात द्या, पोस्टाने नाही.

शेवटचं म्हणजे एक मोठं लोहचुंबक, दांडीवालं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. प्लायवूड उचलल्यावर सगळ्या जिमवरून ते दोनदा फिरवा. आमच्या मागच्या कार्यक्रमात सात खिळे निघाले, आणि पुढचा तास पहिलीचा होता, योगाचा, अनवाणी.