सिग्नल लाल पडला म्हणजे यंत्रणा चालली

डिप्लोमा हातात पडला की ठाणे-कळव्याकडची मुलं हमखास विचारतात, "रेल्वेत सिग्नलला जाऊ का?" जरूर जा. 'सिग्नल फेल' झाला की फलाटावरची माणसं आम्हा सिग्नल खात्यातल्यांच्या नावाने बोटं मोडतात. खरं तर अशा बऱ्याच वेळा यंत्रणेने आपलं काम चोख केलेलं असतं. हे ज्याला पटतं तोच या खात्यात रमतो.

ट्रॅक सर्किट घ्या. रुळांच्या एका तुकड्याला एका टोकाकडून करंट देतात, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, असतो. करंट पोचतोय तोवर रिले उचललेला, म्हणजे रूळ मोकळा. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, करंट तिथूनच माघारी फिरतो, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. गंमत पुढे आहे. वायर तुटली, सप्लाय गेला, पावसात रुळांत पाणी तुंबून करंट गळायला लागला, तरी रिले पडतोच. रूळ तुटला तरी बहुतेकदा पडतो. अशा बिघाडात यंत्रणा गाडी आहे असंच धरून चालते. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने 1872 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजही शिकाऊ पोरांना मी हीच पहिली समजावतो.

पॉइंटचंही, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याचंही, तसंच. सरकणारी टंग रेल आणि ती जिला चिकटते ती स्थिर स्टॉक रेल यांच्या मध्ये 5 मिलिमीटरची पट्टी ठेवून मोटर फिरवून बघतात. पॉइंट लॉक झाला तर तो नापास. खडीचा एखादा दगड अडकला तर सिग्नल मिळताच कामा नये, म्हणून ही परीक्षा.

मग अपघात होतात कसे? बहुतेक वेळा माणसाच्या हाताने. 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्स्प्रेसला सिग्नल मेन लाइनचा मिळाला आणि पॉइंट लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे, लागलेला होता. गाडी थेट मालगाडीवर गेली. चौकशीत सिग्नलच्या सर्किटमध्ये केलेल्या बदलांमधल्या चुका पुढे आल्या. यंत्रणा बिघडली की लाल दाखवते, हे खरं. पण वायरच चुकीच्या जागी जोडली तर तिला ते कळायचं कसं?

म्हणून आमच्याकडे स्क्रूड्रायव्हरच्या आधी कागद लागतो. काम सुरू करण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना डिसकनेक्शन मेमो, म्हणजे यंत्रणा कामासाठी बंद करत असल्याची चिठ्ठी, द्यायचा, त्यांची सही घ्यायची. काम संपलं की तपासणी करून रिकनेक्शन, म्हणजे यंत्रणा पुन्हा चालू. वरून घाई असते, लोकल खोळंबलेल्या असतात, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "दोन मिनिटांचं काम आहे, मेमो कशाला?" असं म्हणणारा कितीही सीनियर असला तरी त्याचं ऐकू नका. दोन टर्मिनलमध्ये जंपर, म्हणजे तात्पुरती वायर, टाकून रिले उचलायला सांगणारा तर त्याहून घातक.

रुळांवरचं वागणंही शिकावं लागतं. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाल्यापासून गाड्या कुठूनही येतात असं वाटतं, आणि लोकलचा आवाज शेजारून मेल जात असेल तर ऐकूच येत नाही. लुकआउटची, म्हणजे गाडीवर नजर ठेवणाऱ्या माणसाची, शिट्टी झाली की शेजारच्या रुळावर सरकायचं नाही. कडेच्या सेसवर, म्हणजे रुळांबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर, यायचं, हत्यारं उचलून. फोन खिशात.

परीक्षेचं थोडक्यात. ज्युनियर इंजिनीयरसाठी रेल्वे भरती मंडळाच्या दोन संगणकावरच्या परीक्षा, मग कागदपत्रं आणि मेडिकल. मुलाखत नाही. मेडिकलला मात्र रंगदृष्टी बघतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडून ती तपासून घ्या. वर्षभर अभ्यास करून तिथे अडकलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं. ट्रेनिंग देणारी संस्था सिकंदराबादची इरिसेट; तिच्या नोट्स इंटरनेटवर फुकट मिळतात. क्लासवाल्यांच्या जाड पुस्तकांपेक्षा त्या कितीतरी बऱ्या. इतिहासही वाचा, पण ठाणेकरांच्या तोंडपाठ असलेल्या 16 एप्रिल 1853 च्या पहिल्या गाडीवर थांबू नका. आयर्लंडमध्ये 1889 ला आर्माजवळ चढावर अडकलेली सहलीची गाडी मधूनच तोडून दोन भाग केले, मागचे डबे उताराने मागे घरंगळले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे 80 माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्लॉक पद्धत (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), इंटरलॉकिंग (पॉइंट आणि सिग्नल एकमेकांशी बांधणं) आणि सगळ्या डब्यांना लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले. आज पाठ करावे लागणारे नियम असे आले आहेत.

रविवार मेगाब्लॉकचा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. रात्रीही फोन येणार, पावसाळ्यात तर हमखास.

पहिल्या पोस्टिंगवर रुजू झालात की लोकेशन बॉक्सचा, म्हणजे रुळांकडेच्या वायरिंगच्या पेटीचा, वायरिंग डायग्राम मागून घ्या आणि जुन्या मेंटेनरला सोबत घेऊन एकेक टर्मिनल त्याच्याशी ताडून बघा, हात न लावता. कुठे फरक दिसला तर तिथल्या तिथे वायर बदलू नका. सेक्शनच्या सीनियर सेक्शन इंजिनीयरला लेखी कळवा आणि त्याची पोच जपून ठेवा.