कुत्र्या-मांजराचं तोंड घरी कसं तपासायचं

आमच्या दवाखान्यात लोक 'तोंडाला वास मारतोय' म्हणून येतात, 'वय झालंय, खात नाही' म्हणूनही येतात. ओठ वर केला की आत गाठ निघते. म्हणून सात-आठ वर्षांपुढच्या जनावराचं तोंड आठवड्यातून एकदा तरी बघाच.

कुत्र्याचं तोंड लगेच उघडायला जाऊ नका. आधी मिटलेल्या तोंडावरचा ओठ उचला, समोरचे दात बघा, मग गाल मागे ओढून दोन्ही बाजूंच्या दाढा. टॉर्च दुसऱ्या कुणालातरी धरायला लावा. काळे डाग बघून घाबरू नका, कित्येक कुत्र्यांची हिरडी जन्मापासूनच काळी असते. सपाट डाग तसाच राहिला तर ठीक, फुगला तर दाखवा. मोबाइलवर फोटो काढून मागच्या फोटोशी ताडून बघा. कुत्र्यांच्या तोंडात सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर मेलानोमा. तो काळाच असतो असं नाही, गुलाबीही असतो आणि तिथेच लोक फसतात. नंतर वरचा जबडा एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचे समोरचे दात खाली दाबा आणि टाळू बघून घ्या.

मांजराची गोष्ट वेगळी. त्यांच्यात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा कॅन्सर जास्त, आणि तो बऱ्याचदा जिभेखाली लपतो. मांजराचं डोकं मागे कलवा, तोंड उघडा आणि दुसऱ्या हाताचा अंगठा हनुवटीमागे, जबड्याच्या दोन हाडांमधल्या मऊ जागेत खालून वर दाबा. जीभ उचलली जाते. (जिभेखाली अडकलेला दोराही असाच सापडतो. तो ओढू नका, तसंच घेऊन या.) ओरबाडत असेल तर नाद सोडा. अंग चाटणं बंद होऊन केस विस्कटलेत, लाळेत रक्त आहे, घास तोंडातून पडतोय, एवढं पुरे आहे दवाखान्यात आणायला.

रस्त्यावरचं कुत्रं लाळ गाळत असेल, जबडा लोंबत असेल, तर तोंडात हात अजिबात घालू नका. पिसाळलेलं असू शकतं. लाळ लागलीच तर साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुऊन लगेच डॉक्टर गाठा. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाची फ्लॉवरसारखी, रक्ताळलेली गाठ असते, म्हणजे समागमातून एकमेकांना लागणारा कॅन्सर. हुंगण्या-चाटण्यातून ती तोंडा-नाकातही येते. दिसायला भयंकर, पण आठवड्याला एक व्हिंक्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाचं इंजेक्शन असा कोर्स केला की बहुतेक कुत्री बरी होतात. लहान पिल्लाच्या ओठांवरचे चामखीळ तर बहुधा आपोआप जातात.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती एकच दात हलण्याची. बाकीचे घट्ट आणि एकच सैल असेल तर खालचं हाड गाठीनं खाल्लेलं असू शकतं. दात उपटण्याआधी एक्स-रे मागा. उपटलेल्या दाताची जागा दोन आठवड्यांत भरली नाही तर परत या.

गाठ सापडली तर 'बघू महिनाभर' नको. भूल देऊन गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढायचा, तोही तोंडाच्या आतून. बाहेरून कातडीतून काढला तर पुढच्या ऑपरेशनला जास्त भाग कापावा लागतो. सोबत जबड्याखालच्या लिम्फ नोडची (लसिका ग्रंथींची) तपासणी आणि छातीचा एक्स-रे हवाच, कारण मेलानोमा तिकडेच पसरतो. गाठ 2 सेंटिमीटरपेक्षा लहान असताना सापडली तर हाती बरंच काही असतं.

जबड्याचा तुकडा काढायचा म्हटलं की मालक हबकतात. कुत्री मात्र बहुतेक वेळा काही दिवसांत मऊ खाणं खायला लागतात. मांजरांना ते जड जातं, नळीनं भरवावं लागू शकतं. जिभेखालची गाठ पसरलेली असेल तर मी ऑपरेशनचा आग्रह धरत नाही, वेदना कमी ठेवण्यावर भर देतो. त्यासाठी घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट, मूत्रपिंडं बिघडवतं.