नकाशा काढण्याआधी: खानदेशात विद्यापीठाची इमारत बांधायची तयारी

इमारतीचं काम पायाखोदाईपासून सुरू होतं असं धरलं, की झाडं आणि पाणी अंदाजपत्रकाच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसतात आणि पैसे संपले की तीच ओळ आधी कापली जाते. खानदेशात हे परवडणारं नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याकडे त्याहून कमी, आणि तोही चार महिन्यांतल्या मोजक्या दिवसांत. शिवाय लावलेलं रोप सावली द्यायला निदान चार-पाच वर्षं घेतं. म्हणून तयारीच्या यादीतली पहिली नोंद वेळेची आहे: पाया खोदण्याआधी एक पूर्ण पावसाळा, जमलं तर दोन, हातात ठेवा. हा वेळ जागा समजून घ्यायला आणि झाडं लावायला वापरायचा.

मोजणी करणाऱ्याकडून उंचीच्या अर्ध्या मीटरच्या अंतराने समपातळी रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढलेला नकाशा मागा. एक मीटरच्या अंतरात लहान ओहोळ आणि खोलगट जागा दिसत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात खुंट्या घेऊन जागेवर जा आणि पाणी जिथून वाहतं, जिथे साचतं तिथे त्या ठोका. या वाटा नकाशावर आल्याशिवाय वास्तुविशारदाने रेघ ओढू नये. तापी, गिरणा, पांझरा किंवा वाघूर जवळ असेल तर पाटबंधारे खात्याकडून निळी आणि लाल पूररेषा (नेहमीच्या आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) लेखी घ्या. निळ्या रेषेच्या आत इमारत नाहीच. दोन रेषांच्या मधली जागा मैदानाला आणि झाडीला ठेवलेली बरी. उभ्या झाडांची नोंद जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि पसारा अशी तिन्ही अंगांनी करा. जुना कडुनिंब, चिंच किंवा अंजन वाचवण्यासाठी इमारत दहा मीटर सरकवणं हे नवीन झाड वाढवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडतं. वरची १५ ते २० सेंटीमीटर माती वेगळी काढून दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या ढिगांत झाकून ठेवा. बांधकामाच्या राड्यात ती मिसळली की पुढे बागेसाठी माती विकत आणावी लागते.

मातीच्या तपासणीत घाई करू नका, कारण इथली बहुतेक तडे गेलेली बांधकामं तिथेच चुकलेली असतात. तापीच्या खोऱ्यात काळ्या मातीचा थर कुठे हातभर, तर कुठे कित्येक मीटर असतो. एकाच आवारात अर्धा भाग मुरमाड आणि अर्धा काळा निघू शकतो. म्हणून इमारतीच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी चाचणीचे खड्डे किंवा बोअर घ्या. प्रयोगशाळेकडून माती किती फुगते याची टक्केवारी मागा. ती ५०च्या वर गेली तर साधे उथळ पाये विसरा. थर खोल असेल तर अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतात: खाली खांबाच्या खोडाच्या अडीचपट रुंद बल्ब आणि खोली साडेतीन मीटरपेक्षा कमी नाही. त्यावरच्या प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या, भिंत पेलणाऱ्या तुळईच्या) खाली सुमारे ८० मिलिमीटर पोकळी सोडायची असते. मजूर ती पोकळी मातीने भरून वरच काँक्रीट ओततात. मग पहिल्या पावसात माती फुगते, बीम उचलला जातो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे निघतात. ही पोकळी अभियंत्याने स्वतः पाहिल्याशिवाय ओतकाम होऊ देऊ नका. इमारत मुरूम आणि काळी माती अशा दोन्हींवर येत असेल तर त्या सीमेवरच सांधा देऊन तिचे दोन भाग करा.

झाडाचा आणि पायाचा संबंधही इथेच ठरतो. मोठं झाड काळ्या मातीतून उन्हाळ्यात पाणी ओढतं, माती आकसते, पाया खचतो. उथळ पायाच्या इमारतीपासून झाड त्याच्या पूर्ण उंचीइतकं लांब हवं. पाइलवरच्या इमारतीला आणि मुरमाड जागेत सहा ते आठ मीटर चालतात. ‘इमारतीला खेटून झाडी’ असं चित्रात फार छान दिसतं, पण चित्र रंगवण्याआधी मातीचा अहवाल वाचलेला असावा.

आता दिशा. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा आणि मुख्य खिडक्या उत्तर-दक्षिणेला द्या. दक्षिणेच्या खिडकीवर ६०० मिलिमीटरचा छज्जा असेल तर सप्टेंबर अखेरीस दुपारी त्याची सावली दीड मीटर खाली उतरते, ऑक्टोबरच्या मध्याला एक मीटरच्या आसपास आणि डिसेंबरात फक्त साठ सेंटीमीटर. म्हणजे हिवाळ्यात ऊन आत येतं, ते इथे हवंच असतं. पण ऑक्टोबर हीटमध्ये उंच खिडकीचा खालचा भाग उघडा राहतो. तिथे छज्जा ९०० करा किंवा खिडकीची उंची कमी करा. उत्तरेच्या भिंतीवर ऊन येत नाही असं गृहीत धरलं जातं, ते चूक. मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सकाळ-संध्याकाळ तिरपा आत शिरतो. तिथे छज्जा उपयोगी नाही, खिडकीच्या बाजूला बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या म्हणजे फिन्स हव्यात.

खरा शत्रू पश्चिमेचा सूर्य. पश्चिमेला जिने, भांडार, इलेक्ट्रिक खोली ठेवा. बहुतेक नकाशांत स्वच्छतागृहं तिथे ढकलतात, पण पावसाळ्यातला वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि वास सगळ्या वर्गांतून फिरवतो. त्यांना वायव्य कोपरा आणि हवा वर नेणारा स्वतंत्र उभा डक्ट द्या. वर्ग खिडकीपासून आत सात मीटरपेक्षा जास्त खोल नको. खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या अडीचपटीपलीकडे उजेड पोचत नाही, मग भर दुपारी ट्यूबलाइट लावून शिकवावं लागतं. व्हरांडा २.४ मीटर ठेवा. त्याहून अरुंद असला तर तास सुटल्यावर मुलं उन्हात उतरतात.

छतावर आणि भिंतीवर कंजूषी नको. खानदेशातल्या धाब्याच्या घरांची जाड मातीची छतं उष्णता का थोपवत होती, ते समजून आजच्या साहित्यात उतरवायचं: स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा, १:१००चा उतार आणि वर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे. इथली धूळ पांढऱ्या पृष्ठभागाला वर्षभरात करडा करते, म्हणून मार्च आणि मेमध्ये धुण्याची तरतूद आणि छतावर नळ हवा. पश्चिमेची भिंत दोन थरांची, मध्ये पन्नास मिलिमीटर पोकळी ठेवून बांधा. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये (विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी सोडण्याच्या पद्धतीत) विटाही वाचतात, पण त्याला कुशल गवंडी लागतो. एक नमुना भिंत बांधून घेतल्याशिवाय कंत्राट देऊ नका.

अंगण ठेवायचं असेल तर इमारतीच्या उंचीइतकंच रुंद ठेवा. दोन मजली इमारतीला आठ-नऊ मीटर पुरतात. त्याहून मोठं झालं की फरशी दिवसभर तापते आणि सावली कुठेच राहत नाही. अंगणात सिमेंटची फरशी नको, मुरूम किंवा दगडी फरसबंदी आणि मध्ये एक लहान वाढीचं झाड पुरे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर चांगले चालतात, जूनपासून नाही. त्याच महिन्यांत पाणी सर्वांत कमी असतं, म्हणून ते फक्त सभागृह आणि वाचनालयापुरते ठेवा. बाकी वर्गांना रात्री उघड्या ठेवता येतील अशा, जाळी बसवलेल्या वरच्या खिडक्या द्या आणि त्या रोज संध्याकाळी उघडणं कोणाचं काम, हेही लिहून ठेवा.

पाण्याचा हिशोब कागदावर मांडा. एक हजार चौरस मीटर छतावरून वर्षाला साडेपाच ते सहा लाख लिटर हाती लागतात. दिवसा येणाऱ्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे ४५ लिटर धरले तर हजार जणांना रोज ४५ हजार लिटर लागतात. म्हणजे ते पाणी बारा-तेरा दिवसांचं. टाकी बांधून प्रश्न सुटला असं मानू नका. पावसाचं पाणी प्यायला आणि प्रयोगशाळेला राखा आणि हात धुण्याचं, वसतिगृहाचं सांडपाणी कर्दळ लावलेल्या वाळू-खडीच्या वाफ्यांतून शुद्ध करून झाडांना द्या. काळ्या मातीत शोषखड्डा खोदू नका. तो शोषत नाही, उलट पायाजवळची माती भिजवतो. भूजलाचं पुनर्भरण करायचंच तर गाळणी लावून खाली फुटलेल्या काळ्या पाषाणात, इमारतीपासून दहा मीटर दूर. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाजूला काढायला झडप हवी आणि १०० मिलिमीटरच्या पाइपला ४० चौरस मीटरपेक्षा फार जास्त छत देऊ नका, नाहीतर पहिल्या वळवातच पॅरापेटच्या (छताच्या कठड्याच्या) आत तळं होतं.

झाडांचं काम पहिल्याच पावसाळ्यात सुरू करा. उतारावर सलग समतल चर, मुरमात एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डे, त्यात राखून ठेवलेली वरची माती आणि शेणखत. पश्चिमेला कडुनिंब, करंज, शिरीष, मोकळ्या माळावर अंजन, खैर, पळस, आपटा, वाटांवर बहावा. केळीच्या बागांभोवती शेवरीचा वाराबंद लावतात, तसा तात्पुरता शेवरीचा पट्टा रोपांच्या पश्चिमेला लावा. तीन वर्षांत रोपं सावरतात, मग तो काढता येतो. निलगिरी आणि ग्लिरिसिडियाच्या भिंती टाळा, पक्ष्यांना त्यात खायला फारसं काही नसतं. पहिले तीन उन्हाळे पाण्याचा करार कंत्राटातच घाला. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १९९०ची. गिरणेकाठच्या उजाड टेकड्यांवर पाणी अडवून तिथे झाडी उभी राहिली आहे. त्यामुळे ‘या बरडावर काही येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका.

साहित्यात वीट जवळची घ्या, पण भिजवून तपासा. नदीकाठच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते भट्टीत भाजले जाऊन नंतर पाण्याने फुलतात आणि वीट फुटते. चोवीस तास भिजवल्यावर वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो लॉट परत पाठवा. पायाचं काम मृगाआधी जमिनीच्या वर आलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये स्लॅब पहाटे ओता, ओतताना काँक्रीट ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि गोणपाट टाकून किमान दहा दिवस ओलं ठेवा.

शेवटी ताबा घेताना देखभालीची वही मागा. तीत मे अखेरीस गटारी आणि जाळ्या साफ करणं असावं, कारण कडुनिंबाची पानं पाइपच्या तोंडाशीच अडकतात. भिंतीच्या सांध्यांत उगवलेली पिंपळाची रोपं वर्षातून दोनदा उपटणं असावं. आणि तिसऱ्या मजल्याच्या रुंद छज्ज्यांची पाहणी असावी. तिथे आग्या मोहोळ बसतं, ते जाळायचं नसतं. मधपाळ बोलवायचा, रात्री, वर्ग रिकामे असताना.