काउन्सिलमध्ये नव्याने रुजू झालात? मुलाचं वय ठरवायला बसण्याआधी

एमएसडब्ल्यू करून इंग्लंडच्या काउन्सिलांत, म्हणजे स्थानिक पालिकांत, मुलांच्या विभागात येणारी आपली मंडळी हल्ली बरीच भेटतात. घर, बँक, एनएचएस नंबर ही कामं कोणीही सांगेल. मी एकाच कामाबद्दल लिहितोय: आईवडिलांशिवाय आश्रय मागायला आलेल्या मुलाचं वय ठरवणं.

अठराच्या आतला ठरला तर १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टखाली त्याला घर, शाळा, हक्काचा सोशल वर्कर मिळतो. मोठा ठरला तर अनोळखी पुरुषांच्या खोलीत त्याची रवानगी होऊ शकते. तुमच्या सहीत एवढं वजन आहे.

मिसरूड बघून निकाल देऊ नका. लंडनच्या मर्टन काउन्सिलविरुद्धच्या २००३ च्या निकालापासून नुसत्या दिसण्यावरून वय ठरवलेलं कोर्टात टिकत नाही. दोन प्रशिक्षित सोशल वर्कर, दुभाषी आणि मुलाच्या बाजूने बसणारी प्रौढ व्यक्ती हवी. दुभाषी त्याच्याच बोलीचा आहे ना, हे आधी त्यालाच विचारा. अफगाणिस्तानातली दरी भाषा बोलणाऱ्यापुढे तिथल्याच पश्तो भाषेचा दुभाषी बसला तर सगळी दुपार वाया जाते.

तारखा सांगता येत नाहीत म्हणजे खोटं बोलतोय, असं आपण तरी म्हणू नये. आपल्याकडे कितीजणांच्या आजोबांचा वाढदिवस १ जून असतो, मास्तरांनी शाळेत टाकलेला!

२०२४ च्या डिसेंबरात एक अफगाण मुलगा माझ्यासमोर बसला होता. चहाचा कप दोन्ही हातांत धरलेला, प्यायला मात्र नाही. जन्मसाल १३८५ म्हणाला, अफगाण पंचांगाप्रमाणे. त्यात ६२१ मिळवले की २००६, म्हणजे अठरा पूर्ण. सहकारी तेच लिहायला निघाली होती. मी महिना विचारला. "हूत. छपरावर बर्फ होता, आई सांगायची." त्यांचं वर्ष मार्चमध्ये सुरू होतं आणि हूत शेवटचा महिना. म्हणजे २००७ चा फेब्रुवारी-मार्च. पोरगा सतराचा होता. तेव्हापासून महिना विचारल्याशिवाय मी साल लिहीत नाही.

उत्तरं जुळली नाहीत तर निर्णयाआधी त्या विसंगती त्याच्यासमोर ठेवा, त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तरीही शंका उरली तर तिचा फायदा त्याला द्या.

निर्णय कारणांसकट लेखी द्या, दुभाष्याकडून वाचून दाखवा. मान्य नसेल तर वकिलामार्फत कोर्टात जाता येतं, हे त्याच बैठकीत सांगा. क्रॉयडन काउन्सिलविरुद्धच्या खटल्यात ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २००९ मध्येच ठरवून दिलंय की वाद झाला तर वयाचा शेवटचा शब्द कोर्टाचा, काउन्सिलचा नाही.