दुकानातलं बॅकअप इंटरनेट ऐन वेळी दगा का देतं? या चुका टाळा

दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं घेतली की आता काळजी नाही, असं बहुतेक दुकानदारांना वाटतं. पण दोन्ही एकाच कारणाने बंद पडणार असतील, तर दुसऱ्याचे पैसे फुकट गेले. बॅकअप निवडताना वेग नंतर बघा. आधी हे बघा, की पहिलं कनेक्शन ज्या कारणाने जाईल, त्याच कारणाने हेही जाईल का?

वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर केबल पुष्कळदा एकाच खांबावरून किंवा जमिनीखालच्या एकाच पाइपातून येतात. काही कंपन्या तर दुसऱ्याच कंपनीची लाइन भाड्याने घेऊन विकतात. रस्ता खोदताना एक घाव बसला की दोन्ही गेली. त्यामुळे केबल इमारतीत कुठून शिरते आणि बाहेर कुठल्या मार्गाने जाते, हे कंपनीला स्पष्ट विचारा. मुख्य फायबर आणि बॅकअपला 4जी किंवा 5जी ही जोडी बहुतेक दुकानांना पुरते. कार्डच्या एका व्यवहाराला जेमतेम काही किलोबाइट डेटा लागतो, तेव्हा बॅकअपला मोठा स्पीड लागत नाही.

मोबाइल सिग्नल मात्र दारात उभं राहून फोनवरच्या दांड्या मोजून ठरवू नका. राउटर जिथे बसणार आहे तिथे, गर्दीच्या वेळी, दोन-तीन कंपन्यांची सिम लावून बघा. राउटरच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी नावाचा, सिग्नलची ताकद सांगणारा आकडा दिसतो. तो उणे 80 ते 90च्या आसपास असेल तर छान. उणे 110च्या खाली गेला तर बाहेर अँटेना लावावा लागेल.

वायफाय फुल, पेमेंट अडकलेलं

ही तक्रार फार ऐकायला येते. राउटरचे दिवे हिरवे, वायफायच्या दांड्या फुल, आणि कार्ड मशीनवर नुसतं 'कनेक्ट होत आहे'. बॅकअप आहे, पण राउटर त्याच्याकडे वळतच नाही. कारण सोपं आहे. दुकानातल्या फायबरच्या डब्यापर्यंत, म्हणजे ओएनटीपर्यंत, केबल शाबूत आहे; बिघाड पुढे कुठेतरी कंपनीच्या जाळ्यात आहे. राउटर फक्त पोर्टचा दिवा किंवा कंपनीचा गेटवे (कंपनीच्या जाळ्यातला पहिला टप्पा) तपासत असेल, तर त्याच्या लेखी सगळं ठीकच. तपासणी बाहेरच्या पत्त्यांवर लावा, उदाहरणार्थ 1.1.1.1 (क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर) आणि 8.8.8.8 (गूगलचा). दोन्हींकडून लागोपाठ उत्तर आलं नाही, तरच लाइन बदलायची. मुख्य लाइन परत आल्यावरही काही मिनिटं ती स्थिर राहू द्या, मगच तिच्यावर या. नाहीतर दोन लाइनींमध्ये सारखी ये-जा होते आणि प्रत्येक वेळी चालू व्यवहार तुटतात.

चाचणी घेतानाही हीच गफलत होते. राउटरची केबल उपटून 'चालतंय की' म्हणणं पुरेसं नाही, कारण तेव्हा पोर्टचा दिवा विझतो आणि कुठलाही राउटर लाइन बदलतो. ओएनटीच्या मागची फायबरची वायर काढून बघा (टोकाला बोट लावू नका, आणि त्यात डोळा घालून पाहू नका, आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो). दुकान उघडण्याआधी, महिन्यातून एकदा हे करा. बॅकअपवर असताना एक खरं बिल फाडा आणि एक खरं पेमेंट घ्या. काही बिलिंग सॉफ्टवेअर ठरावीक आयपीवरूनच, म्हणजे कनेक्शनच्या ठरावीक इंटरनेट पत्त्यावरूनच चालतात, आणि मोबाइल कनेक्शनचा आयपी वेगळा असतो. हा अडथळा अशाच चाचणीत सापडतो.

वीज गेली की ओएनटी, राउटर आणि स्विच तिन्ही यूपीएसवर हवेत. बिलिंगचा संगणक यूपीएसवर आणि ओएनटी साध्या प्लगवर, हे चित्र अनेक दुकानांत दिसतं.

सिमचं रिचार्ज संपलेलं असणं ही अगदी क्षुल्लक चूक, पण तीच नडते. क्लाउडवर जाणारे कॅमेरे, ग्राहकांचं वायफाय आणि संगणकाचे अपडेट बॅकअपवर येताच बंद होतील असा नियम राउटरमध्ये लावा, नाहीतर डेटा बघता बघता संपेल.

लाइन 'इतके टक्के वेळ चालू राहील' या करारातल्या आकड्यावरही भाळू नका. 99.9 टक्के ऐकायला भरभक्कम वाटतं, पण वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची त्यात मुभा आहे, 99.5 टक्क्यांत जवळपास 44 तासांची. बिघाड किती तासांत दुरुस्त करणार, हे लेखी घ्या.

आणि काउंटरवरच्या माणसांना एक गोष्ट नक्की शिकवा. लाइन बदलत असताना पेमेंट मध्येच अडकलं, तर लगेच दुसऱ्यांदा कार्ड लावायचं नाही. आधी मशीनवर किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराची स्थिती बघायची, कारण पैसे कापले जाऊन फक्त पावती अडकलेली असू शकते.