समुद्राकाठच्या शहरात राहायची जागा कशी निवडायची

हॉटेलचे फोटो बघायच्या आधी एक ठरवा, तुमचा दिवस नक्की कुठे जाणार आहे? लहान मुलं सोबत असतील आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यातच खेळायचं असेल तर बीचला लागून राहा, पण शहर फिरायचंय आणि समुद्रावर फक्त संध्याकाळी चक्कर मारायचीय तर त्या रूमचे जादा पैसे कशाला घालवायचे. माझ्या मते बऱ्याच जणांना किनाऱ्यापासून दोन-तीन गल्ल्या आतली जागाच बरी पडते, भाडं कमी लागतं, रात्रीची गर्दी-गोंगाट कमी आणि पाच-दहा मिनिटं चाललं की समुद्र आहेच.

एरिया ठरला की मॅप उघडा. "बीचपासून ५०० मीटर" हे बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं, मधे रेल्वे लाइन नाहीतर टेकडी असली की तेच अंतर दुप्पट होतं, म्हणून वॉकिंग रूट टाकूनच बघा. सॅटेलाइट व्ह्यू पण बघा, कारण समोर समुद्र आहे म्हणजे बीच आहे असं नसतं, बंदर असेल, खडक असतील, खाडीचा चिखल असेल.

भरती-ओहोटीचं तर कोणी बघतच नाही आणि खरंतर ते आधी बघायला हवं! बऱ्याच किनाऱ्यांवर दोन भरतींमधे साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे भरतीची वेळ रोज ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, आणि किनारा सपाट असेल तर ओहोटीला पाणी इतकं आत जातं की बीचसमोर राहूनही पोहायला मिळत नाही. तुमच्या तारखांचं टाइम टेबल नेटवर मिळतं, ते बघूनच ठरवा.

आता रूम. सी फेसिंग म्हणजे समोर समुद्र, पण नुसतं सी व्ह्यू लिहिलं असेल तर बाल्कनीतून वाकून दिसणारा तुकडाही त्यात धरतात, त्यामुळे कितवा मजला, खिडकी कुठल्या बाजूला हे मेसेज करून लेखी विचारून घ्या. पश्चिमेची बाल्कनी असेल तर सूर्यास्त छान दिसतो पण दुपारभर ऊन आत येतं, एसी नसेल तर त्रास होतो.

रिव्ह्यू नवीन आधी लावून वाचा, शक्यतो तुम्ही जाणार त्याच महिन्यातले. खाऱ्या हवेने एसी, नळ, कुलपं लवकर गंजतात, तेव्हा "ओल", "वास", "एसी" हे शब्द सर्च करा, दोन-तीन जणांनी तेच लिहिलंय ना, मग सोडून द्या ती जागा.

सोबत आजी-आजोबा असतील तर लिफ्ट आहे का आणि बस स्टॉप किती लांब हेही बघा. पैसे भरताना टॅक्स धरून टोटल किती होते आणि कॅन्सल केलं तर किती कापणार ते वाचा, आणि पोचायची वेळ चेक-इनच्या आधीची असेल तर बॅगा ठेवून घेतील का ते फोन करून विचारा.